तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ आयव्हीएफ का नाही करून घेत?

‘पीसीओएस आहे ना, मग सरळ आयव्हीएफच कर, टेस्ट ट्यूब बेबी. एएमएच जास्त म्हणजे अंडी भरपूर, पहिल्याच खेपेला होईल.’ इतक्या जणांनी सांगून झालंय की मी नुसती मान हलवते. आज नाही हलवणार.

अंडी भरपूर आहेत, खरंय, एएमएचची रक्ततपासणी तेच सांगते. पण पीसीओएसमध्ये सोनोग्राफीत ओव्हरीवर, म्हणजे बीजकोशावर, दिसतात त्यांना आपण गाठी म्हणतो, त्या गाठी नाहीतच. वाढता वाढता मध्येच थांबलेली फॉलिकल्स, म्हणजे अंड्यांच्या बारीक पिशव्या, आहेत ती. एरवी बायकांमध्ये दर महिन्याला त्यातलं एक पुढे जातं, १८-२० मिलिमीटरचं होतं आणि फुटतं. माझ्यात एकही पुढे जात नव्हतं. अंडं वाढावं म्हणून लेट्रोझोलच्या गोळ्या, २.५ मिलिग्रॅम, मग ५, मग ७.५. फॉलिक्युलर स्टडीला, म्हणजे अंडं वाढतंय का ते बघायच्या सोनोग्राफीला, दर वेळी तेच, ‘अजून काही दिसत नाही.’ आणि हो, वजन कमी केलं. पुढचा प्रश्न तोच असतो म्हणून आधीच सांगते. पाळी जरा सुधारली, अंडं नाही बनलं.

मग अंडं वाढवायची इंजेक्शनं. ५० युनिटपासून, अगदी जपून, कारण पीसीओएसमध्ये डोस थोडा पुढे सरकला की एकदम सगळीच उठू शकतात, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन आठवडे काही नाही. डोस ७५ केला. चौथ्या दिवशी मी टेबलावर पडून छताकडे बघत होते, डॉक्टर आकडे सांगत होत्या, सिस्टर लिहून घेत होत्या. उजवीकडे १८. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. १७. परत १७. १६. मग डावीकडे १६, १५, १५. सात! मी हसत होते. डॉक्टर हसत नव्हत्या.

‘ही सायकल कॅन्सल करावी लागेल.’ ट्रिगर, म्हणजे अंडं फुटण्यासाठीचं शेवटचं इंजेक्शन, द्यायचं नाही, पुढच्या पाळीपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत. तिळं किंवा त्याहून जास्त राहण्याचा धोका, शिवाय ओव्हरी सुजून पोटात पाणी साठण्याचा. मी वाद घातला. मग विनवण्या केल्या. ‘मी सही करून देते’ म्हणाले. नवरा माझा हात धरून बसला होता, पण एक शब्द माझ्या बाजूने बोलला नाही. ते मी त्याला कित्येक महिने माफ केलं नाही.

ट्रिगरचं इंजेक्शन आधीच आणून घरी फ्रिजमध्ये ठेवलेलं होतं. पुढचं मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्या रात्री दोन वाजता मी ते बाहेर काढलं. पोटावर टोचून घ्यायचा हात बसलेला होता. टोचलं की साधारण ३६ तासांत अंडं फुटतं. खोका हाताला गार लागत होता. मग गार लागेनासा झाला, इतका वेळ मी तिथेच उभी होते. शेवटी परत आत ठेवला.

शहाणपणाने ठेवला, असं नंतर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी घाबरले होते. आणि अजूनही एखाद्या दिवशी वाटतं, त्या सातांत एक होतं.

आयव्हीएफमध्ये अशी सात चालतात, हे मला माहीत आहे. अंडी बाहेर काढून घेतात, गर्भ एकच सोडता येतो. ट्रिगर वेगळं देता येतं, गर्भ गोठवून ओव्हरी शांत झाल्यावर सोडता येतो, सुजेचा धोका पुष्कळ कमी होतो. तेव्हा मला पुन्हा समजावून सांगू नका. मी सुजेला भीत नाही. आजवर ‘अंडंच बनत नाही’ एवढं एक कारण तरी माझ्यापाशी होतं. उद्या अंडी मिळाली, गर्भही झाले आणि तरी राहिलं नाही, तर मी स्वतःला काय सांगू?

सही करून द्यायला निघालेली ती बाई मला भेकड म्हणते. मी तिला म्हणते, तुला स्वतःच्या जिवाची पर्वा नव्हती. दोघींचं अजून पटलेलं नाही.

पाळी आली की दुसऱ्या दिवशी फोन करा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. गेल्या वेळी नंबर काढला आणि लावला नाही. आज ४३ वा दिवस आहे. पाळी अजून आलेली नाही.