अजिंठ्यात डोळ्यांना दहा मिनिटं द्या

श्रावणातला रविवार. माझ्यासोबतचा गट एक नंबरच्या लेण्यात शिरला आणि तेवढ्यात दिवे गेले. सांगलीकडची माणसं, दोन आजी, शाळकरी मुलं. "दादा, इथं तर काहीच दिसंना," म्हणत एका काकांनी मोबाईलची बॅटरी पेटवली. पाठोपाठ आणखी तिघांनी. मी आधी त्या सगळ्या बॅटऱ्या बंद करायला लावल्या.

"नुसता अंधार आहे" हे अजिंठ्यात रोज कानावर पडतं. उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला सात-आठ मिनिटं तरी लागतात, आणि बहुतेक लोक तेवढं थांबतच नाहीत. त्यात बॅटरीचा पांढरा झोत नजरेसमोर आला की पहिले पाढे पंचावन्न. फ्लॅशला तर बंदीच आहे.

सगळ्यांना मंडपाच्या मधोमध, दाराकडे पाठ करून उभं केलं. दाराच्या उजेडाकडे नजर गेली तरी डोळे पुन्हा दिपतात. तेवढ्या वेळात भिंत कशी केली ते सांगत राहिलो. बेसॉल्टच्या खडबडीत कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. रंग ओल्या गिलाव्यात मुरलेले नाहीत, पृष्ठभागावर बसलेले आहेत. म्हणून बोट लागलं की निघतात, आणि गर्दीच्या श्वासाची वाफही त्यांना सोसत नाही. लाल-पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी. निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा, थेट अफगाणिस्तानातून आलेला.

एवढं बोलून होईतो गाभाऱ्याकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला येणारा पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व, उमटू लागला. आधी नाकाचा दांडा आणि हनुवटी, कारण चित्रकारानं तिथं उजळ रंग दिलाय. मग भुवयांची कमान, मुकुट, उजव्या हातातलं कमळ. "अगं बाई, डोळे खाली आहेत की त्याचे!" एक आजी म्हणाल्या. मुलांना तोवर एका खांबावरची चार हरणं सापडली होती: धडं चार, डोकं एकच, ज्या धडाकडे बघाल त्याला ते बसतं.

दिवे आले तेव्हा आजी म्हणाल्या, "राहू द्या की बंद." उजेडात चित्रांवरची पिवळट झाक जास्त जाणवते. 1920 च्या सुमारास निजामानं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचं व्हार्निश दिलं, ते पुढं पिवळं पडलं.

सकाळी नऊला लेणी उघडली की सगळे एक नंबरलाच शिरतात. त्यामुळे आधी सरळ 26 व्या लेण्यापर्यंत जावं, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची, म्हणजे देहत्यागाच्या क्षणाची, आडवी मूर्ती बघावी आणि 17, 16, 10 असं करत उलट यावं. दहाव्यात, ही लेणी नव्यानं उजेडात आणणाऱ्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याचं 1819 सालचं नाव खांबावर डोक्याच्याही वर दिसतं. तो आला तेव्हा तळ मातीनं भरलेला होता. फर्दापूर फाट्यावर गाडी लावून बसनं यावं लागतं. चित्रांच्या लेण्यांत बूट बाहेर ठेवायचे असतात, तेव्हा पावसाळ्यात जास्तीचे मोजे जवळ असलेले बरे. पायऱ्या ओल्या असतात, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच डोली ठरवावी. सोमवारी लेणी बंद.