मास्टर सिलिंडरचं लीकेज घरी काढलं: माझा अनुभव

सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे मोटरसायकल उतरवताना पुढच्या ब्रेकवर किती भर पडतो, हे त्या रस्त्याने जाणाऱ्याला ठाऊक असतं. त्यामुळे लिव्हरखाली ओल दिसल्यावर नुसतं पुसून गाडी काढणं मला शक्यच नव्हतं. लिव्हरजवळचं डस्ट कव्हर मागे सरकवलं, तर आतही ब्रेक ऑइल. म्हणजे मास्टर सिलिंडरमधल्या (लिव्हर दाबली की ब्रेककडे ऑइल ढकलणारा भाग) पिस्टनचा बाहेरचा कप, म्हणजे रबरी सील, गेला. अशा वेळी वरून ऑइल भरत राहणं मला धोक्याचं वाटतं; आतला कपही तेवढाच जुना असतो, आणि तो गेला की लिव्हर सरळ हँडलला टेकते.

गॅरेजमध्ये अख्खी असेंब्लीच बदला म्हणाले. सातपूरचे एक जुने मिस्त्री ओळखीचे आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, आधी बोअर बघा. नखाला चर लागला तर नवीनच टाका. गुळगुळीत असेल तर किट पुरे." बोअर म्हणजे पिस्टन सरकतो ती आतली पोकळी, आणि किट म्हणजे कपांसकट बदलायचे सुटे भाग. मला हे पटलं.

पेट्रोलच्या टाकीवर जुनी चादर टाकली, शेजारी पाण्याची बादली ठेवली. ब्रेक ऑइल रंग खातं. थेंब पडला की लगेच भरपूर पाणी ओतायचं. खरी कसोटी सर्क्लिपची, म्हणजे पिस्टनला आत अडवून ठेवणाऱ्या कडीची. ती इतकी खोल बसलेली असते की साधी पक्कड पोचत नाही, लांब बारीक टोकाचीच लागते. पिस्टन अंगठ्याने दाबून धरायचा, नाहीतर स्प्रिंग सगळं बाहेर फेकते. बाहेरच्या कपाची कड झिजली होती. बोअर बॅटरीच्या उजेडात पाहिला, नख फिरवलं. कुठे अडलं नाही. साफ करायला फक्त नवं ब्रेक ऑइल घेतलं. पेट्रोलने कपाचं रबर फुगतं. नवे कप त्याच ऑइलमध्ये भिजवून, ओठाची बाजू स्प्रिंगकडे ठेवून आत सरकवले. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का, हे फिरवून पाहिल्याशिवाय हात काढू नये. होजच्या (ब्रेककडे ऑइल नेणारी नळी) बोल्टला तांब्याचे वॉशर नवेच टाकले.

ब्लीडिंगला, म्हणजे आतली हवा काढायला, भावाला बसवलं: तो लिव्हर दाबून धरायचा, मी खाली ब्रेकवरचा हवा सोडायचा स्क्रू (निपल) ढिला करून लगेच आवळायचो, मगच तो सोडायचा. तरी लिव्हर मऊच. होजच्या वरच्या बोल्टपाशी अडकलेली हवा तशीच दाबून-ढिलं करून काढली, तेव्हा कुठे ती घट्ट झाली. रात्रभर लिव्हर हँडलला बांधून ठेवली, उरलेले बारीक बुडबुडे वर येतात. सकाळी सोडून ऑइलची पातळी पाहिली आणि गंगापूर रोडला हळू वेगात पुन्हापुन्हा ब्रेक मारून खात्री केली.

बाटलीत उरलेलं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार) ठेवलं नाही. उघडलं की ते हवेतली ओल ओढतं. कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळणारं ऑइल ओलीने १५५ अंशांपर्यंत उतरू शकतं, आणि घाटात ब्रेक तापतातच. जुनं-नवं सगळं गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलच्या डब्यात देऊन आलो, गटारात ओतलं नाही.