फ्युनिक्युलरमधला फन

वणीला सप्तशृंगी गडावर आईला घेऊन गेलो होतो, तिच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपणार नव्हत्या म्हणून फ्युनिक्युलर ट्रॉलीचं तिकीट काढलं, आणि मी इतकी वर्षं खुशाल समजून चाललो होतो की बसायला मजा येते म्हणून त्या नावात फन आहे! घरी येऊन डिक्शनरी उघडली तर फनचा काही संबंधच नाही. लॅटिनमध्ये फ्युनिस म्हणजे दोर, आणि त्यातली बारकी दोरी म्हणजे फ्युनिक्युलस. एका दोराच्या दोन टोकांना दोन डबे, उतरणाऱ्याच्या वजनाने चढणाऱ्याचं ओझं हलकं होतं, बस एवढंच. आई म्हणाली, "मग सरळ दोरगाडी म्हणायचं की."

तिथून मला नादच लागला. फ्युनॅम्ब्युलिस्ट म्हणजे दोरावरून चालणारा, आपला डोंबारी. इसवी सनपूर्व १६५ मध्ये रोमला टेरेन्सच्या एका नाटकाचा पहिलाच प्रयोग अशा डोंबाऱ्यापायी पडला, पब्लिकचं सगळं लक्ष त्या दोरावर, आणि हे रडगाणं पुढच्या प्रयोगाच्या नांदीत आलंय.

पण माझा लाडका माणूस म्हणजे फ्रान्सिस लाइन, इंग्रज जेसुइट पाद्री. बॅरोमीटरच्या नळीत पारा वर कसा राहतो? बॉइल म्हणे बाहेरच्या हवेच्या दाबाने. लाइनबुवा १६६१ मध्ये म्हणाले, छे, वरून एक अदृश्य दोरी त्याला ओढून धरते, आणि तिला नाव दिलं फ्युनिक्युलस! पुरावा काय, तर नळीचं वरचं तोंड बोटाने बंद करा आणि पारा खाली आला की बोट आत खेचलं जातं की नाही बघा. आणि ते खरंच खेचलं जातं हो! माणूस चुकला होता, पण वेडा नव्हता. त्याला उत्तर देतानाच बॉइलने १६६२ मध्ये ती मोजमापं छापली, दाब दुप्पट केला की हवेचं आकारमान निम्मं, जे आपण अकरावीत घोकलं.

परवा मटार सोलताना शेंग उघडली तर प्रत्येक दाणा एका इवल्याशा हिरव्या देठाने शेंगेच्या कडेला लटकलेला. बॉटनीत त्याला फ्युनिकल म्हणतात, पुन्हा तीच बारकी दोरी. मी दाणा नखाने हळूच ओढून आईला दाखवायला गेलो, लॅटिनपासून सुरुवात केली, पाद्र्यापर्यंत पोचलो, तोवर तिची अर्धी पाटी सोलून झाली होती.

"तुझं चऱ्हाट आवर," ती म्हणाली, "आणि ते पातेलं इकडे दे."