घाटावरची भाजी

गोव्यातल्या सांखळीच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी अचानक महागली की कारण विचारावं लागत नाही. भाजीवाली आपणहूनच सांगते, "घाट बंद आसा मरे!" कुठला घाट, हे ती सांगत नाही. बेळगावकडे जाणाऱ्या चोर्ल्याखेरीज आम्हाला दुसरा घाट दिसतो कुठे!

सांखळीहून पर्ये, मोर्ले, केरी करत हा रस्ता सत्तरी तालुक्यातून वर चढतो. पर्येत भूमिका देवी, केरीत आजोबा. देवाला आजोबा म्हणणारं गाव मला उगाचच जवळचं वाटतं. केरी सुटली की वळणं लागतात आणि खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसत राहतं. पावसाळ्यात तेही नाही. धुकं असं की पुढच्या ट्रकचा लाल दिवासुद्धा उपकार वाटावा. सुमारे आठशे मीटर चढून गेल्यावर गोवा संपतो, कर्नाटक लागतं, महाराष्ट्रही हाकेच्या अंतरावर असतो. खड्ड्यांबद्दल तीन सरकारांना एका दमात नावं ठेवण्याची सोय दुसरीकडे कुठे मिळणार?

डांबर अलीकडचं. त्याआधी इथल्या घाटवाटांनी लमाणांचे बैल चालत. गोव्याच्या मिठागरांतलं मीठ वर जाई, घाटावरचं धान्य खाली येई. अठराव्या शतकात सत्तरी पोर्तुगिजांच्या हाती गेली, तिथल्या राणे घराण्याने बंडांवर बंडं केली, १८५२ साली दीपाजी राणे उठले. राज्य कुणाचंही असो, घाटावरच्या आमटीला मीठ लागतच होतं.

माथ्यापलीकडे कर्नाटकातलं कणकुंबी गाव. तिथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेची वाट धरते. तिथलाच कळसा नाला मात्र पश्चिमेकडे म्हादई नदीला मिळतो, जिला खाली गोव्यात मांडवी म्हणतात. म्हणजे शेजारी शेजारी पडलेल्या दोन सरींपैकी एक बंगालच्या उपसागराला जाते आणि दुसरी मांडवी होऊन पणजीवरून अरबी समुद्राला. ही दुसरी सर मलप्रभेत वळवायची की नाही, यावरून तंटा. २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ मध्ये निवाडा आला: गोव्याला २४ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. एवढ्यापुरतं तरी त्यांचं एकमत झालं म्हणायचं.

इकडे टेंपो मात्र रोज उतरतात. कोबी, टोमॅटो, गवार, भेंडी. गोवा सरकारच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर स्वस्तात मिळते ती भाजीही बरीचशी बेळगावचीच. भाजी म्हणजे तरी काय, तिकडचं पाणीच की. पानापानांत भरून, चाकांवर बसून येतं इतकंच. त्याच्यावर लवाद नेमायचं अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही, ते बरं आहे.

बेळगावहून परतताना बसमध्ये कुणी "म्हादई आमची!" म्हणून आवाज चढवला की मी खिडकीबाहेर बघतो. मत माझंही तेच आहे. पण मांडीवर बेळगावच्या कोबीची पिशवी असताना ते जरा हळूच मांडावं लागतं.