पहिल्या वर्षाच्या मुलांना मॅनिकिन कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ज्यांना अजून साधं इंजेक्शन देता येत नाही, त्या मेडिकलच्या फर्स्ट इयरच्या मुलांपुढे हा मॅनिकिन, म्हणजे पेशंटचं सोंग करणारा महागडा बाहुला, कशाला ठेवता, हे मला पालक विचारतात, वॉर्डातले सहकारी विचारतात, आणि अधूनमधून एखादा विद्यार्थीही विचारतो. सिम्युलेशन, म्हणजे खोट्या पेशंटवरचा सराव, हे हाताचं काम शिकवायचं साधन, असा त्यामागचा समज. तो उगाच झालेला नाही. १९६० साली नॉर्वेच्या ऑस्मुंड लार्डाल यांनी ‘रेसुसी ॲन’ ही बाहुली आणली, ती श्वास देण्याच्या सरावासाठीच.

मी शिकवते फिजिओलॉजी, म्हणजे शरीर काम कसं करतं ते. मला मॅनिकिन हवा असतो तो वेळ दाखवायला. पुस्तकातला आलेख कागदावर एकदम सगळा दिसतो. शरीरात तो सेकंदासेकंदाने घडतो, आणि मुलांचं अडतं ते तिथेच.

ऑक्सिजन आणि हिमोग्लोबिनचा वक्र घ्या: रक्तात ऑक्सिजनचा दाब किती असताना हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती भरलेलं असतं, त्याचा आलेख. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारा, मुलं डोळे मिटून काढून दाखवतात. मग मी त्यांना मॉनिटरसमोर बसवते. मॅनिकिन साधी हवा घेतोय, सॅच्युरेशन (हिमोग्लोबिन किती टक्के भरलंय तो आकडा) ९८. त्याचा श्वास मी थांबवते आणि विचारते, आता काय होईल? बहुतेकांच्या मते आकडा लगेच पडायला हवा. तो पडत नाही. ९८, ९८, ९७. कुणीतरी हळूच म्हणतं, मशीन बंद आहे वाटतं. मग नव्वदीजवळ आला की तोच आकडा भराभर उतरतो आणि नाडीच्या ठोक्याचा आवाजही खालच्या पट्टीत जातो. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ६० मिलिमीटरच्या खाली गेला की वक्र उभा उतरतो, हे त्यांनीच आदल्या आठवड्यात जर्नलमध्ये लिहिलेलं असतं.

खरी मजा दुसऱ्या फेरीत. आता आधी काही मिनिटं शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि मग श्वास थांबवायचा. पण त्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं: सॅच्युरेशन घसरायला किती वेळ लागेल? साधा श्वास सोडल्यावर फुप्फुसात सुमारे अडीच लिटर वायू उरतो. शरीर मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन खातं. हवेवर त्या अडीच लिटरांत ऑक्सिजन जेमतेम साडेतीनशे मिलिलिटर. शुद्ध ऑक्सिजन देऊन हवेतला नायट्रोजन तिथून धुऊन काढला की दोन लिटरांच्या वर. करा भागाकार. म्हणून निरोगी माणसात हवेवर मिनिटभरात जे होतं, त्याला इथे आठेक मिनिटं लागतात. आणि पेशंट लठ्ठ असेल किंवा बाईला नववा महिना असेल तर? फुप्फुसातला साठा कमी, खर्च जास्त. भूल देऊन श्वास थांबला की नळी घालायची डॉक्टरांची घाई मुलांना इथे पहिल्यांदा कळते.

कागदावर आकडा लिहून घेतला नाही, तर हा सगळा नुसता तमाशा. मुलं खूश होऊन बाहेर पडतात आणि डोक्यात काही उरत नाही.

आता एक गोष्ट, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. पुष्कळ मॅनिकिनचे आकडे त्याच्या ‘शरीरातून’ येत नाहीत. काचेपलीकडे बसलेला माणूस ते भरतो. काहींच्या आत मात्र समीकरणांचं मॉडेल असतं. फिजिओलॉजिस्ट आर्थर गायटन आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली रक्ताभिसरणाचं असं भलंमोठं मॉडेल प्रसिद्ध केलं होतं. हाताने आकडे भरायचे असतील, तर भरणाऱ्याची फिजिओलॉजी पक्की हवी. रक्तस्राव सुरू झाला रे झाला की ब्लड प्रेशर धाडकन पाडायचा मोह होतो, कारण ते नाट्यमय दिसतं. तरुण, निरोगी माणसात तसं होत नाही. शरीरातलं १५ ते ३० टक्के रक्त जाईपर्यंत नाडी वाढते, वरच्या आणि खालच्या प्रेशरमधलं अंतर कमी होतं, पण वरचा आकडा बऱ्याचदा टिकून असतो. चुकीचा देखावा एकदा मनात बसला की काढणं महाकठीण.

मॅनिकिनचे हातपाय गार पडत नाहीत, हीही माझी तक्रार आहेच. त्याला दरदरून घाम फुटत नाही. आणि फिजिओलॉजीच्या लॅबमधले बेडकाचे प्रयोग जाऊन संगणक आला ते बरंच झालं, पण त्यांच्याबरोबर एका बेडकाचा आलेख दुसऱ्यासारखा न येण्याची गंमतही गेली. संगणकावर प्रत्येकाचा आलेख सारखाच, सुबक.

पैशांचं म्हणाल, तर वरचे दोन्ही धडे लॅपटॉपवर नकली मॉनिटर लावूनही जमतात. मी तसे घेतले आहेत. मॅनिकिन असला तर मुलं नाडीला हात लावतात, एवढाच फरक, आणि तो मला आवडतो.

आता बायोकेमिस्ट्रीवालेही मॅनिकिनची खोली मागू लागलेत. मधुमेहातल्या कीटोॲसिडोसिससाठी मी आनंदाने देते: रक्त आम्ल झालं की श्वास खोल आणि जलद होतो, ते छातीच्या हालचालीत चक्क दिसतं. क्रेब्स सायकलसाठी, म्हणजे पेशीत ऊर्जा काढणाऱ्या रासायनिक चक्रासाठी, मागितली तेव्हा मात्र नाही म्हटलं. तिला फळाच बरा.