फुली, बोगदा, ओढ

लहान मुलाला गाठ मारायला शिकवायची असेल तर त्याच्या समोर बसू नये. समोर बसलं की आपलं उजवं ते त्याचं डावं होतं, आणि आपण 'हे इकडून घे' म्हणेपर्यंत पोराच्या हातात गुंता तयार असतो. त्याला मांडीत घ्यावं आणि मागून आपले हात पुढे काढावेत. मग चारही हात एकाच बाजूने चालतात.

माझी पाच वर्षांची भाची मे महिन्यात राहायला आली तेव्हा तिच्या बुटांना वेल्क्रो होतं, चड्डीला इलॅस्टिक आणि दप्तराला चेन. गाठीवाचून तिचं काहीच अडत नव्हतं. 'शिकून ठेव, उपयोगी पडेल' असं सांगण्यात अर्थ नव्हता. त्या वयाच्या माणसाला उपयोगाशी काय कर्तव्य? खेळच शोधायला हवा होता.

आईने शिवणाच्या डब्यातून परकराच्या दोन नाड्या काढल्या, एक लाल आणि एक पांढरी, आणि टोकाला टोक लावून चार टाके घातले. दोन रंग हवेतच, नाहीतर कुठलं टोक कुठे गेलं याचा पत्ता लागत नाही. शिवणाचा दोरा चिमुकल्या बोटांत सापडत नाही, सुतळी टोचते आणि गुळगुळीत नायलॉनची दोरी मारलेली गाठ स्वतःच सोडून मोकळी होते. सुती नाडी जाड, मऊ आणि किंचित खरबरीत, म्हणून गाठ धरून ठेवते. गळ्यात घालायची नाही, हा एकच नियम.

मुंबईहून पुण्याला येताना कर्जत सोडलं की बोगदे लागतात आणि प्रत्येक बोगद्यात डब्यातली पोरं ओरडतात. आमचा खेळ तिथूनच आला. नाडी खुर्चीच्या पायामागून पुढे घ्यायची. लाल पांढरीवर टाकली की झाली फुली. फुली आणि खुर्चीचा पाय यांच्या मधली फट म्हणजे बोगदा. लाल गाडी पांढरीखालून वळसा घेऊन त्यात शिरते आणि पलीकडे निघेपर्यंत जोरात ओरडायचं. मग दोन्ही टोकं धरून ओढ.

फुली लगेच जमली. ओरडणं तर शिकवावंच लागलं नाही. घोळ होता तो मधल्या एका क्षणात. टोक बोगद्यात घालायचं, सोडायचं आणि दुसऱ्या हाताने पलीकडून पकडायचं, पण ती सोडायलाच तयार नव्हती. टोकासकट मूठच आत जायची, बोगदा रुंद व्हायचा, फुली उलगडायची आणि गाडी घाटात रद्द. टोकाला सेलोटेप गुंडाळून ते कडक केलं आणि त्याला इंजिन म्हटलं, तेव्हा काम जमलं. इंजिन पुढे निघालं की डब्यांना धरून ठेवायचं नसतं, हे तिला आपोआप पटलं.

त्यानंतर घरात काही सुटं राहिलं नाही. खुर्च्या एकमेकींना बांधल्या गेल्या, फ्रिजचं दार टेबलाला, आणि बाबांची काठी पलंगाला. बाबा काठी मागत बसले आणि ही म्हणे, 'आजोबा, गाडीला सिग्नल नाही.'

शिकवणाऱ्यांना बहुधा एका गोष्टीचा कंटाळा असतो, ती म्हणजे सोडवणं. मला वाटतं अर्धी गाठ तिथेच कळते. ओढत सुटलं तर निरगाठ घट्टच होते. उलट टोकं आत ढकलून ती सैल करावी लागते. दात लावायचा नाही, हे आईने बजावलं आणि हाती दाभण दिलं. सुरगाठ दाखवली तेव्हा मात्र जादूच झाली. एक टोक ओढलं आणि सगळं नाहीसं! तिने ते इतक्या वेळा करायला लावलं की माझीच बोटं दमली.

बुटाच्या बंदाचा प्रश्न पुढचा. डावं उजव्यावर घेऊन अर्धी गाठ मारली तर वरच्या फुलाला उजवं डाव्यावर घ्यायचं. दोन्ही वेळा तेच केलं की फूल बुटावर आडवं न बसता लांबीच्या दिशेने वळतं आणि लवकर सुटतं. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली दाखवलं की जमिनीवर पाय आपटून गाठ सैलावते आणि हेलकावे खाणारी मोकळी टोकं ती ओढून सोडवतात. चुकीचं फूल तर या माऱ्यात फारच कमी टिकतं. शाळेच्या फाटकापाशी वाकून बंद बांधणाऱ्या आयांना हे प्रयोगाविनाही ठाऊक असणार.

बालशिक्षणातल्या मॉन्टेसोरीबाईंनी याच कामासाठी लाकडी चौकटी केल्या होत्या: कापडाच्या दोन पट्ट्या, मध्ये बटणं, हुक नाहीतर बांधायच्या फिती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं मुलांच्या हाती दिली. त्या हिशेबाने आमची खुर्ची चौकटीहून फार कमी नसावी.

राखीपौर्णिमेला आजवर ताट भाचीच्या हातात असायचं आणि गाठ तिच्या आईच्या हातची. या वेळी तिने आईला हात लावू दिला नाही. माझ्या मुलाने मनगट पुढे केलं. 'हलू नकोस, गाडी आत चाललीये,' असा दम भरून ती बोगदाभर ओरडली आणि एकावर एक निरगाठी मारत गेली. दुपारी त्याला राखी टोचायला लागली. मी कात्री आणली तर ही आडवी आली. कापायची नाही, ती स्वतः सोडणार होती. पानं घेतली तरी तिचं चालूच होतं. उजवा हात तिच्या ताब्यात असल्यामुळे पोराने नारळीभात डाव्या हाताने खाल्ला, आणि माझ्या आईनेही त्या दिवशी त्याला काही म्हटलं नाही.