आमच्या मंडळाचे डेमो आणि नंतरची सोडत

आमच्या पुष्परचना मंडळाचे वर्षाला चार डेमो. चैत्रात एक, श्रावणात एक, कोजागिरीच्या आगेमागे एक आणि चौथा जानेवारीच्या शेवटी, एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन उरकलं की. स्पर्धा पण असतात म्हणा, पण त्यांच्याबद्दल मला काही प्रेमाने लिहिता येणार नाही, कारण स्पर्धा म्हटलं की परीक्षक आले, मग "नियमात बारा इंच होतं, त्यांची तेरा भरतेय" म्हणून पट्टी घेऊन मोजणं आलं, आणि पुढे दोन महिने दोघीजणी भाजीवाल्यापाशी भेटल्या तरी एकमेकींकडे बघत नाहीत. डेमोला तसलं काही नाही. एक बाई समोर उभी राहून दीड तास फुलं लावणार, आपण बघायचं, शेजारणीच्या कानात शेरे मारायचे, खायचं, आणि नशिबात असलं तर त्यातलीच एक रचना घरी न्यायची. मंडळ इतकी वर्षं टिकलंय ते या चार संध्याकाळींवर, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी वार्षिक सभेत बोलूनही दाखवलंय.

मला तिथे नेलं सासूबाईंनी. लग्न नवीन होतं, त्यांची पिशवी धरायला कोणीतरी हवं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. एरंडवण्यातल्या एका शाळेचा हॉल, वेळ साडेपाच म्हणजे साडेपाच, पाच पस्तीसला आलेल्या बाईंना मागच्या बाकावर, तेही सगळ्यांच्या नजरा झेलत बसावं लागायचं. पुढे दोन टेबलं जोडून त्यावर काळं कापड, खाली बादल्यांची रांग, आणि त्या बादल्यांमधून येणारा तो ओल्या पानांचा, देठांचा, थोडासा कुबट वास. मला अजून फुलांच्या वासापेक्षा तोच जास्त आवडतो, का ते सांगता येणार नाही.

बादल्यांमागची मेहनत वेगळीच. सेक्रेटरी काकू आणि त्यांचे यजमान आदल्या दिवशी पहाटे गुलटेकडीला मार्केटयार्डात जायचे. काका रिटायर्ड, बँकेत होते, घासाघीस करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, जरबेराची दहाची जुडी, डच गुलाबाची वीसची जुडी, निशिगंधाच्या काड्या, सगळं मोजून घेणार, आणि एखाद्या जुडीत नऊ निघाले तर परत जाऊन दहावं आणणार. मग घरी आणून देठ पाण्याखाली तिरके कापायचे, कारण बाहेर कापलं की देठात हवा शिरते आणि मग कितीही पाण्यात ठेवा, फूल मान टाकतंच. खालची पानं काढायची आणि रात्रभर गळ्यापर्यंत पाण्यात, अंधाऱ्या गार खोलीत. त्यांच्याकडची गार खोली म्हणजे न्हाणीघर. त्यामुळे डेमोच्या दिवशी सकाळी त्या घरात कोणाला अंघोळ मिळायची नाही असं काका सांगायचे, आणि खरं असणार, कारण ते सांगताना काकू हसत नसत.

आता डेमोची खरी गंमत सांगते, जी फोटोत कधीच कळत नाही. डेमो देणारी बाई रचनेच्या मागे उभी असते. म्हणजे रचनेचं तोंड आपल्याकडे आणि बाईला दिसते ती तिची पाठ. मागून हात घालून ती फूल पुढच्या बाजूला लावणार, तेही आपल्याकडे बघत, बोलत बोलत, आणि फूल बरोब्बर जिथे हवं तिथेच बसतं. हे मला बरेच दिवस लक्षातच आलं नव्हतं, सासूबाईंनी दाखवलं. "बघ, तिला आपली बाजू दिसतच नाहीये" म्हणाल्या. त्यानंतर मी फुलं सोडून हातांकडेच बघायला लागले. घरी करून बघा एकदा, साध्या फुलदाणीत पाच काड्या मागून लावून बघा, मग कळेल.

आणि त्या बोलायच्या किती! चांगला डेमो म्हणजे अर्धी फुलं आणि अर्धी बडबड. आमच्याकडे एक ज्येष्ठ काकू होत्या, नऊवारीतून पाचवारीत आलेल्या पिढीतल्या, त्यांची कात्री आणि जीभ सारख्याच वेगाने चालायची. ग्लॅडिओलस लावताना सुनेचं बाळंतपण, जरबेराच्या पोकळ देठात तार सारताना महापालिकेचं पाणी, आणि मध्येच थांबून, "ए, मागच्या, कळतंय का? फोकल पॉइंट, म्हणजे नजर आधी जाते ती जागा, इथे आला पाहिजे, भांड्याच्या काठाशी, वर नाही." त्यांनी एकदा बर्ड ऑफ पॅरडाइज घेतलं, त्यातलं उमललेलं फूल जरा सुकट होतं, मागून कोणीतरी म्हणालंच की हे कशाला आणलं. काकूंनी काही न बोलता त्या चोचीसारख्या कवचात अंगठा घातला, बोटाने आत चाचपलं, आणि अगदी हळूच, ओढत नाही तर सोडवत, आतलं दुसरं फूल वर काढलं. केशरी पाकळ्या, त्यात निळा भाला, जरा चिकट, ओले. दोन बोटांनी पाकळ्या सुट्या करून पंख्यासारख्या पसरवल्या, जुनं सुकलेलं कात्रीने उडवलं आणि म्हणाल्या, "यात आणखी असतात आत, दुकानदार सांगत नाही." सगळा हॉल "अगंबाई" म्हणून पुढे सरकला. त्या आठवड्यात डेक्कनच्या फुलवाल्यांकडे बर्ड ऑफ पॅरडाइज उरलं नसणार.

चैत्रातला डेमो मला सगळ्यात जवळचा, कारण त्यात विकतची फुलं कमी आणि फांद्या जास्त. पुण्यात त्या दिवसांत रस्त्यावरच इतकं फुललेलं असतं की मार्केटयार्ड कशाला हवं, बहावा, गुलमोहर, नीलमोहर, आणि ताम्हण, जे आपलं राज्यफूल आहे हे निम्म्या पुणेकरांना त्याच्याखाली स्कूटर लावताना माहीत नसतं. फांद्या मात्र सोसायटीच्या चेअरमनला विचारूनच तोडायच्या असा मंडळाचा नियम. बहाव्याची पानं सगळी काढून टाकायची, नुसतं पिवळं झुंबर ठेवायचं, आणि ते पितळी घंगाळात तिरकं लावायचं, म्हणजे ते आपल्या वजनाने पाण्यावर झुकतं. घंगाळ आमचंच असायचं. सासूबाईंच्या माहेरचं, चिंच लावून घासून मी न्यायचे आणि परत येताना त्यात उरलेली आंब्याची डाळ असायची, कारण चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्याच दिवशी उरकून घेतलं जायचं, डाळ आणि पन्हं. पन्ह्यात वेलदोडा की केशर यावर जेवढी चर्चा व्हायची तेवढी रचनांवर झाली असती तर आम्ही सगळ्या एव्हाना परीक्षक झालो असतो.

श्रावणातल्या डेमोत फुलं जवळजवळ नाहीच, पत्री. दुर्वा, आघाडा, बेल, तुळस, केना, माका, तेरडा, जे मंगळागौरीला आणि गणपतीला लागतं तेच. पंचवीस प्रकारचे हिरवे एकत्र ठेवून त्यात फक्त एक सोनटक्का. केवडा आणला की पहिल्या रांगेतल्या बायकांना दूर बसवायचे, पानांच्या कडांना काटे असतात आणि उत्साहाच्या भरात बाई तो इकडेतिकडे फिरवायची. रानफुलं आणायची नाहीत हा नियम इथेच झाला. एका वर्षी एकजण सिंहगडावरून पिशवीभर सोनकी तोडून घेऊन आल्या, त्या वेळी साताऱ्याजवळच्या कास पठाराचं नाव नुकतंच 2012 च्या जागतिक वारशामुळे सगळीकडे गाजत होतं आणि सगळ्यांनाच रानफुलांचा उमाळा आला होता. ज्येष्ठ काकूंनी त्या सोनकीकडे बघितलं. ती खरं तर वाटेतच मलूल झाली होती. "गडावर ती महिनाभर दिसली असती, इथे दहा मिनिटं दिसली" एवढंच बोलल्या. मला ते जरा कठोर वाटलं होतं, चारचौघांत बोलायला नको होतं, पण नियम चांगला झाला.

कोजागिरीचा डेमो पांढरा. निशिगंध, पांढरी शेवंती, ॲस्टर, कोणाच्या अंगणात असला तर अनंत, आणि हिरव्यासाठी कामिनीच्या फांद्या. शेवटची रचना झाली की हॉलच्या ट्यूबा बंद करून गच्चीवर सगळं नेऊन ठेवायचं आणि मसाला दूध. ते दूध पिवळंधम्मक असायचं पण त्यात केशर किती आणि खायचा रंग किती हे खजिनदारबाईंनाच माहीत. ऑक्टोबरात पाऊस गेलेला असेल याची काही खात्री नाही, दोनदा-तीनदा चंद्राऐवजी छत्र्याच दिसल्या. पण निशिगंध अंधारात जास्त वास मारतो, त्यामुळे चंद्र नसला तरी काही अडायचं नाही.

जानेवारीच्या डेमोला मात्र बाहेरच्या तज्ज्ञ बोलवायच्या. एकदा इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना शिकलेल्या एक बाई आल्या, सोगेत्सु शैलीच्या, जी सोफू तेशिगाहारांनी 1927 मध्ये जपानात सुरू केली. त्यांनी आधी हिशोब सांगितला, भांड्याची रुंदी आणि उंची मिळवायची, त्याच्या दीडपट पहिली फांदी, तिच्या पाऊणपट दुसरी, दुसरीच्या पाऊणपट तिसरी. पहिली जवळजवळ उभी, दुसरी पंचेचाळीस अंशात, तिसरी चांगलीच आडवी. इथवर सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी पिनहोल्डर, म्हणजे फांद्या खोचायचा सुयांचा जड ठोकळा, पाण्यात ठेवला आणि त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. एक फांदी उचलली, फिरवून बघितली, ठेवली. दुसरी उचलली. पान कापलं. आणखी एक पान कापलं. आमच्या बायकांना पंधरा मिनिटं शांत बसायची सवयच नाही हो, आधी बांगड्या वाजल्या, मग खोकले, मग मागून कुजबुज की "बरं नाहीये का त्यांना". ज्येष्ठ काकू तर एवढ्या अस्वस्थ झाल्या की त्यांनी बसल्या जागेवरून दबक्या आवाजात कॉमेंट्रीच सुरू केली, "आता ती डावीकडचं काढणार बघ", आणि बाईंनी खरंच डावीकडचं काढलं. शेवटी टेबलावर तीन फांद्या आणि दोन शेवंत्या. "एवढंच?" असं एकजण म्हणाल्याच. पण सासूबाईंना ते फार भिनलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन सिंहगड रोडच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात, म्हणजे पु. ल. देशपांडे उद्यानात गेल्या आणि तिथल्या वळणावळणाच्या पाण्याकाठी उभं राहून "बघ, जागा किती रिकामी सोडलीय" असं तीनतीनदा म्हणाल्या. त्यानंतर आमच्या हॉलमधल्या शोकेसमधल्या निम्म्या वस्तू माळ्यावर गेल्या. सासरे काही बोलले नाहीत, त्यांची क्रिकेटची ढाल मात्र त्यांनी गुपचूप परत आणून ठेवली.

आणि सोडत! डेमोत केलेल्या पाच-सहा रचना शेवटी चिठ्ठ्या टाकून वाटल्या जायच्या, चिठ्ठी वीस रुपये, त्यातून फुलांचा खर्च निघायचा. घरी काय येईल सांगता यायचं नाही. एकदा आम्हाला चार फुटी ग्लॅडिओलसचा मोर लागला, अक्षरशः मोर, अरेका पामच्या पिसाऱ्यासकट. रिक्षात मी अर्धी बाहेर, सासूबाई मोराच्या खाली, कर्वे रोडला सिग्नलला रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "काकू, लग्न मुलीचं की मुलाचं?" सासूबाई पानांतून म्हणाल्या, "लॉटरी लागलीय." तो बिचारा खरंच समजला आणि उतरताना सुट्टे पैसे परत देईना.

हल्ली वातावरण बदललंय. मधली दोन वर्षं कोविडमुळे डेमो व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकून झाले, त्याबद्दल न बोललेलं बरं, कारण मोबाइल सगळ्यांनी पुढून धरला आणि मागून लावणारे हात कोणालाच दिसले नाहीत. आता परत हॉल सुरू आहे, ज्येष्ठ काकू येत नाहीत, गुडघे, पण सासूबाई व्हीलचेअरवर पहिल्या रांगेत असतात आणि पाच पस्तीसच्या लोकांना अजूनही बघतात. नव्या मुली आल्यात, आयटीतल्या, हिंजवडीहून ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवून येतात, त्यांना मात्र उशीर माफ आहे.

यंदाचा मोठा वाद ओॲसिसचा. ती हिरवी स्पंजसारखी वीट, जी पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यायची असते, दाबली तर आत हवा राहते आणि त्या जागचं फूल कोरडं पडतं. इतकी वर्षं तिच्यावरच सगळं उभं होतं. पण ती कुजत नाही, चुरा होऊन प्लॅस्टिक म्हणून मातीत-पाण्यात जाते, हे नव्या मुलींनी सभेत मांडलं, लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये 2021 पासून ती बंद आहे हेही सांगितलं. जुन्या बायका म्हणाल्या, मग मोर कशात उभा करायचा. तास-दीड तास गेला. शेवटी सासूबाईंनी हात वर केला आणि सांगितलं की आमच्या वेळी ओॲसिस होतंच कुठे, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगळून भांड्यात बसवायचो, त्यात ताडाएवढी फांदीसुद्धा उभी राहायची. मग ठरलं, कोजागिरीपासून जाळी आणि पिनहोल्डर. खजिनदारबाई हिशोब घेऊनच बसल्या होत्या, विटांचे वाचलेले पैसे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले, आणि त्यातून यंदा दुधात खरं केशर घालावं अशी सूचना मागच्या बाकावरून आली. एकमताने मंजूर झाली, आमच्या मंडळात बहुधा पहिल्यांदाच.